कुलपातलं पाळीपत्रक

एकोणीसशे पंच्याण्णव साल. मी तेव्हा त्रेपन्न वर्षांचा. कुंडलच्या पल्याड नदीकाठाला आमचं गाव आहे, तिथल्या पाणीपुरवठा संस्थेचा मी पाटकरी. त्या साली संस्थेनं मला नोटीस काढली. नोटिशीत लिहिलं होतं, 'कॉम्प्युटरने दिलेल्या पाळीपत्रकाचा जाणूनबुजून भंग.' जाणूनबुजून हा शब्द एकदम बरोबर होता. बाकीचं कितपत बरोबर होतं ते वाचणाऱ्यांनी ठरवावं.

माझं शिक्षण चौथीपर्यंत. आमच्या कामाबद्दल लिहा असं या अंकाच्या संपादकांनी सांगितल्यावर मी आधी नाही म्हणालो. मग वाटलं, कॉम्प्युटरवाल्यांच्या गोष्टी कॉम्प्युटरवालेच लिहितात, एक गोष्ट चिखलात उभं राहिलेल्यानं लिहिली तर कुणाचं काय बिघडतंय?

पाटकरी म्हणजे पाणी वाटणारा माणूस. नदीला पंप बसवलेले, तिथून पाईपनं पाणी टेकावरच्या हौदात, हौदातून तीन चाऱ्या. चारी म्हणजे कालव्याचं लेकरू. चारीला प्रत्येक रानापाशी एक लोखंडी दार. ज्याची पाळी त्याचं दार उघडायचं, वेळ संपली की पाडायचं आणि पुढचं उघडायचं. झालं काम. पण सव्वादोनशे खातेदार, प्रत्येकाची बायको त्याच्यापेक्षा हुशार, आणि प्रत्येकाच्या मनगटावरचं घड्याळ दुसऱ्याच्या पुढं. सख्ख्या भावांनी एकमेकांवर फावडं उगारलेलं मी बघितलंय. मधे कोण उभा होता हे सांगायला नको.

हौदाजवळचं रान ते डोकं, चारी जिथं संपते ती शेपटी. आमच्या संस्थेत पाळी शेपटीकडून सुरू व्हायची. जुन्या माणसांनी शहाणपणानं लावलेली रीत. डोक्याकडच्यानं आधी प्यायलं तर शेपटीला फक्त ओलावा जातो, हे त्यांना ठाऊक होतं. तिसरी चारी सगळ्यांत लांब. तिच्या शेपटीला सात खातेदार, सगळी बौद्धवाड्यातली माणसं, सगळी रानं एक-दीड एकराची. त्यांतल्या लक्ष्मीबाई कांबळे या गोष्टीत पुन्हा पुन्हा येणार आहेत. मालक मिरजेला रेल्वेत गँगमन, सुट्टीला घरी यायचे. दीड एकर हळद बाई एकट्या बघायच्या. त्यांच्या जिभेला आमच्या चेअरमनपासून तलाठ्यापर्यंत सगळे वचकून असायचे, मीही.

आता कॉम्प्युटर. पूर्वी पाळीपत्रक हातानं व्हायचं. दोन कारकून पंधरा-पंधरा दिवस घासायचे आणि तरी एखाद्याचा गट नंबर चुकायचा. जिल्ह्याची एक योजना आली, निम्मे पैसे सरकारचे, निम्मे सभासदांच्या पाणीपट्टीतले. सांगलीच्या एका कंपनीला काम दिलं. कंपनीचा साहेब आला, तिशीतला, मऊ बोलणारा, पायात पांढरे बूट. अकरा दिवस मी त्याला तिन्ही चाऱ्यांवरून फिरवलं. कुठलं दार किती रुंद, कुठं गळती, कुठल्या मातीला किती वेळ, सगळं सांगितलं. त्यानं दोन वह्या भरल्या. बूट तिसऱ्या दिवशी काढून ठेवले. माझ्या घरी जेवायचा, डाळवांगं त्याला लय आवडायचं. माणूस वाईट नव्हता हे आधीच लिहून ठेवतो, कारण पुढं मी त्याला चारचौघांत लय बोललोय.

पण अकरा दिवसांत एक गोष्ट मी त्याला सांगितली नाही. आमच्यात घड्याळ पंप सुरू झाला की सुरू होत नाही. पाणी दाराला टेकलं की सुरू होतं. कोरडी चारी आधी स्वतः पिते. तिसऱ्या चारीच्या शेपटीला पाणी पोचायला अडीच तास लागतात. ते अडीच तास कुणाच्याच नावावर नसतात, ते चारीचे. पाण्याचं तोंड दाराला लागलं की मी हाक मारायचो, "लागलं रं!" आणि तिथनं वेळ. हे सांगायचं असतं हेच माझ्या डोक्यात आलं नाही. पाणी उताराकडं जातं हे तरी मी त्याला कुठं सांगितलं होतं? त्यानं विचारलं, "पाळीच्या सुरुवातीला चारी भरायला किती वेळ?" मी म्हणलं, "अडीच तास." त्यानं ते लिहून घेतलं. सुरुवातीला एकदा अडीच तास. चूक त्याची निम्मी, माझी निम्मी.

पहिलं वर्ष झकास गेलं. कारकुनांचं पंधरा दिवसांचं काम एका दुपारी उरकायला लागलं. प्रत्येकाच्या हातात छापील कागद, तारीख, वेळ, अगदी मिनिटासकट. भांडणं कमी झाली, कारण कागदाशी भांडता येत नाही. मीच गावभर कौतुक करत फिरलो. संस्थेनं ठराव केला की छापलेली वेळ हीच खरी वेळ. मी त्या ठरावाला हात वर केला होता.

मग लाईटीची वेळ बदलली. आधी पंप सलग चालायचा. आता रोज आठ तास, पुढं बंद. पंप बंद झाला की उरलंसुरलं पाणी जिरायचं आणि दुसऱ्या दिवशी चारी पुन्हा कोरडी. म्हणजे रोज भरायची. प्रोग्रॅमला हे कुठं माहीत? त्याच्या हिशेबानं चारी पहिल्या दिवशी एकदा भरली की भरली. लक्ष्मीबाईंची पाळी कागदावर दुसऱ्या दिवशी सकाळी पहिली होती, तीन तास. अडीच तास चारी प्यायली. बाईंना अर्धा तास मिळाला. कागद म्हणाला, वेळ संपली. कागदाचा मान राखून मी दार पाडलं. आयुष्यात पहिल्यांदा मी अर्धं भिजलेल्या रानाचं दार पाडलं.

बाई बांधावर उभ्या होत्या. त्यांनी तो छापील कागद घेतला, चारीच्या पाण्यात बुडवला आणि निथळत माझ्या हातात दिला.

"आवं पाटकरी, ह्यो भिजला बगा. तुमचं काम झालं. माजं रान राहू दे तसंच."

डोक्याकडच्या रानांना त्रास नव्हताच. हौदापासून पाच-दहा मिनिटांत पाणी पोचतं, तिथं चारी पिणार किती? जेवढं रान लांब तेवढा तोटा जास्त, आणि सगळ्यांत लांब हे सात जण.

मी सांगलीला कंपनीत गेलो. साहेबानं चहा पाजला. ऐकून घेतलं, कपाळाला हात लावला.

"नाना, एवढी मोठी गोष्ट तुम्ही तेव्हा बोलला का नाहीत?"

"तुम्ही विचारलं का न्हाई?"

"बरं, दुरुस्ती अवघड नाही. दोन-चार ओळी बदलायच्या. पण ती नवी आवृत्ती झाली. तिचे वेगळे पैसे. संस्थेकडून पत्र आणा."

"दोन-चार ओळी मग आमीच बदलतो की. दाखवा कुठल्या."

तो हसला. "त्या तुम्हाला नाही दिसायच्या. आमच्याकडं असतात त्या. तुम्हाला दिलाय तो तयार प्रोग्रॅम."

मला काही कळलं नाही. परत येताना साळुंखे सुभेदारांच्या घरी गेलो. सुभेदार आमच्याच गावचे, पलटणीत पंचवीस वर्षं काढून आलेले, शेवटची सहा-सात वर्षं तिथं कॉम्प्युटरवरच होते. गावाला आल्यावर त्यांना कुणी काही विचारतच नव्हतं, त्यामुळं मी विचारल्यावर त्यांनी पाटावर बसवून समजावलं.

"नाना, प्रोग्रॅम दोन रूपांत असतोय. एक मानसानं लिवलेला, मानसाला वाचता येतोय. त्याला सोर्स म्हनायचं. मग त्यो दळला की मशीनला कळतोय, मानसाला न्हाई. कंपनीनं तुमाला पीठ दिलंय. गहू तिनं ठेवलाय."

"आन पिठाचा गहू करता येत न्हाई."

"बराबर. त्यात वर कुलूप बी घातलंय. दुसऱ्या मशीनवर चढत न्हाई."

"पर सुभेदार, पैसं आमचं, सरकारचं. दारं, माती, गळती सगळं मी सांगितलं. आन गहू त्यांचा कसा?"

"करारात लिवलेलं न्हाई म्हनून. आपल्या लोकांनी करार वाचला का?"

करार चेअरमन आबांनी सही करून कपाटात ठेवला होता. आबा म्हणजे संस्थेचे चेअरमन, उसाचे मोठे बागायतदार, दोन नंबरच्या चारीचं डोकं त्यांचंच. मी त्यांना म्हणालो, कंपनीला पैसे देऊन निदान एवढी दुरुस्ती तरी करून घ्या. आबा म्हणाले, यंदाच्या अंदाजपत्रकात तरतूद नाही, पुढच्या मार्चनंतर बघू. मी म्हणलं, "आबा, हळद मार्चपत्तर थांबती व्हय?" ते म्हणाले, "नाना, तुमी पानी सोडा. कागदाचं आमी बगतो."

पुढच्या पाळीला मी बघितलंच नाही कागदाकडं. पाणी लक्ष्मीबाईंच्या दाराला टेकलं तेव्हा हाक मारली, "लागलं रं!" आणि तिथनं पुरे तीन तास दिले. शेपटीच्या सातही जणांना तसंच. सगळ्यांच्या वेळा पुढं सरकल्या. चारीच्या डोक्याला आबांच्या चुलतभावाचा ऊस, त्याची पाळी दुसऱ्या दिवसावर गेली. तो मोटरसायकल घेऊन चारीवर आला.

"कागद दाखव, नाना."

"कागुद भिजलाय."

"माझा कोरडा हाय. ह्ये बग, आठ वाजून वीस मिनिटं."

"मग कागदाला सांग पानी सोडायला. दाराची चावी त्येच्याकडं हाय का माज्याकडं?"

नोटीस चौथ्या दिवशी आली. कामावरून कमी का करू नये याचा खुलासा सर्वसाधारण सभेत करावा.

सभा शाळेच्या पटांगणात. आबांनी कंपनीच्या साहेबालाही बोलावलं होतं, मी कॉम्प्युटर चालू देत नाही हे सिद्ध करायला. मी खुलासा केला तो असा: चावी घ्या, नोकरी घ्या, पण आधी सांगा हा प्रोग्रॅम कुणाचा.

साहेब उठला. मुद्देसूद बोलला, तेही लिहिलं पाहिजे. "नाना, समजा मी सोर्स दिला. उद्या तो शेजारच्या गावात जाईल, परवा आटपाडीला. फुकट. मग मला पुढचं काम कोण देणार? माझ्याकडं चार मुलं पगारावर आहेत."

मी म्हणलं, "साहेब, विहीर खांदनाऱ्याला आमी खांदायची मजुरी देतो. चांगली देतो. पर पुढं पाण्याचं भाडं त्यो मागत न्हाई. आन गावानं विहीर खांदून घेतली तर वाटंनं जानाऱ्यानं वंजळभर पानी प्यालं म्हनून रागवत बी न्हाई. आटपाडीनं घेतला म्हनून आमचा कमी हुतोय का?"

लोक हसले, टाळ्या पडल्या. साहेब शांतपणे म्हणाला, "ठीक. आणि दर वर्षी विहिरीतला गाळ कोण काढतो? लाईटीची वेळ आज बदलली, उद्या परत बदलेल. दर वेळी कोणीतरी बसून दुरुस्त करायचंय. फुकट पिणारे गाळ काढायला येतील का?"

खरं होतं ते. सभेत मागून लक्ष्मीबाई बोलल्या. बायका सभेला येत नसत, त्या आल्या होत्या, मालकांच्या नावचा शेअर पिशवीत घालून आणि मालकांना शेजारी बसवून.

"आवं साहेब, चारीचा गाळ कोन काढतं? पाळी सुरू व्हायच्या आदी घरटी एक मानूस खोरं घिऊन जातोय. ज्याला जमत न्हाई त्यो एका दिवसाची मजुरी भरतोय. न्हाई आला आन न्हाई भरली तर दार उगडत न्हाईत. ह्या तुमच्या यंत्राच्या गाळाला बी तसंच करा की. ज्या गावाला पायजे त्येनं घ्यावा, आन गाळाची मजुरी भरावी. कुलूप कशाला?"

आबा म्हणाले, "बाई, ह्ये टेक्निकल हाय."

"व्हय, माजं रान बी टेक्निकलच वाळलं."

आता अर्थशास्त्र वगैरे शिकलेल्या लोकांनी यावर पुस्तकं लिहिलीत म्हणे, आणि त्या उघड्या सोर्सला 'ओपन सोर्स' असं नावही आलंय. सरकारनं त्याला पैसा द्यावा का, दिला तर कसा, यावर मोठमोठ्या शहरांत सभा होतात. आमच्या पटांगणात ती सभा तेव्हाच होऊन गेली, बाटलीतलं पाणी न पाजता. त्यातलं मला जेवढं कळलं ते साधं आहे. वस्तू एकदाच बनते, नक्कल करायला एक फ्लॉपी लागते. म्हणून नकलेचे पैसे मागणं हे खोटं. पण बनवायला माणूस बसतो, सांभाळायला माणूस बसतो, त्याला पोट असतं. म्हणून मजुरी न देणं हेही खोटं. सगळ्यांच्या पैशातून मजुरी द्यावी आणि वस्तू सगळ्यांना उघडी ठेवावी. एवढंच. हे समजायला चौथी पुरते.

मी ठराव मांडला, तो मताला टाकला. डोक्याकडच्यांकडं एकर जास्त होते, पण सहकारी संस्थेच्या सभेत एकर मोजत नाहीत, हात मोजतात. आणि माणसं शेपटीकडं जास्त. नोटीस रद्द. सुभेदारांना तीन महिने संस्थेच्या पगारावर ठेवून नवा प्रोग्रॅम लिहून घ्यायचा, जिल्ह्याच्या योजनेच्या पैशाचा दुसरा हप्ता त्याला वापरायचा, आणि सोर्स संस्थेत उघडा ठेवायचा. कंपनीच्या साहेबाला मी त्याचं काम पुढं चालवायला विचारलं होतं, पगारावर. तो म्हणाला, "नाना, मला आवडलं असतं, पण मला चार मुलांचा पगार महिन्याला लागतो, तुमचा ठराव वर्षाला होतो." त्याला मी तेव्हा भर सभेत कुलूपवाला म्हणालो. ते म्हणायला नको होतं.

सुभेदारांनी तीन महिने लिहिलं. पलटणीतली सवय, सकाळी सहाला खुर्चीत, दाढी करून. मला शेजारी बसवायचे आणि विचारायचे, "और बोलो नाना, और क्या नहीं बताया?" त्या एका प्रश्नानं माझ्या पोटातल्या चौदा गोष्टी बाहेर आल्या, ज्या सांगायच्या असतात हे मला माहीत नव्हतं. पौर्णिमेच्या बाजाराला कोण दारं धरायला येत नाही, कुठल्या दोघांची पाळी लागोपाठ लावायची नाही, घरात मयत झालं तर पाळी कुणी कुणाला द्यायची, सगळं. सोर्सचे चाळीसेक कागद छापले. आत इंग्रजी, पण प्रत्येक भागाशेजारी त्यांनी लाल शाईनं मराठीत लिहिलं, हे कशासाठी. एका ठिकाणी लिहिलं होतं, 'इथे नानांची हाक.' ते मी स्वतः वाचलं. कागद संस्थेत दोरीनं खिळ्याला टांगले. कुणीही यावं, बघावं. त्या वर्षी लक्ष्मीबाईंची हळद आली, आधीच्यापेक्षा थोडी कमी, कारण एक पाळी गेली ती गेली.

पुढं काय झालं ते इथंच सांगून टाकतो, शेवटाला रडगाणं नको. प्रोग्रॅम आठ-नऊ गावांनी नेला. कोण डब्यात फ्लॉपी घालून न्यायचं, एकानं फ्लॉपी दुमडून खिशात घातली आणि परत दुसरी मागायला आला. एका गावच्या सेक्रेटरीनं विचारलं, "फुकट कशापायी देताय? ह्यात काय खोट हाय?" गाळाची मजुरी मात्र दोनच गावांनी नेमानं भरली. बाकीचे पुढच्या वर्षी म्हणायचे. चारीचं दार मला बंद करता येत होतं, फ्लॉपीचं येत नाही, हा त्यात फरक आहे आणि तो आम्ही सभेत धरला नव्हता. सुभेदार पाच वर्षं अर्ध्या मजुरीवर दुरुस्त्या करत राहिले. कंपनीच्या साहेबाचा प्रश्न बरोबर होता. पण त्याचं उत्तर कुलूप आहे हे मी आजही मानत नाही. त्याचं उत्तर जिल्ह्यानं द्यायला पाहिजे होतं. सगळ्या गावांचा गाळ जिल्ह्याच्या पैशातून निघायला काय हरकत होती? रस्त्याचे खड्डे कुठं एका गावाच्या पैशातून भरतात?

जिल्ह्यानं काय केलं ते आता.

लक्ष्मीबाईंचं माहेर आटपाडीकडचं. तिकडं तलावाचं पाणी, तेही जेमतेम, आणि त्यांच्या भावाचं डाळिंबाचं रान तिथल्या चारीच्या शेपटीला. भाऊ आमच्याकडं आला, तिथल्या संस्थेचं पत्र घेऊन, की तुमचा प्रोग्रॅम आम्हाला द्या, त्यांची पाळी वीस दिवसांवर आली होती. तो पहिलाच मागणारा, बाकीची गावं नंतरची. आबा म्हणाले, योजनेचा पैसा आहे, आधी योजनेच्या साहेबांना विचारू. आबांनी विचारलं आणि मला सांगलीला बोलावणं आलं.

योजनेचा साहेब पन्नाशीतला, चष्मा कपाळावर. टेबलावर आमची फाईल. संस्थेच्या सेक्रेटरीला सोडून मलाच का बोलावलं विचारल्यावर म्हणाला, "ठरावाच्या खाली सूचक म्हणून तुमचा अंगठा आहे."

"सही हाय साहेब. नीट बगा."

त्यानं चष्मा खाली घेतला. "बरं, सही. हे बघा, सरकारी अनुदानातून जे काही तयार होतं ती संस्थेची मालमत्ता. तिची नोंद होते. ती दुसऱ्या तालुक्याला फुकट देऊन टाकली तर मालमत्ता राहिली कुठं?"

"आमच्याकडंच राहिली की. कागुद खिळ्याला हायेत. फ्लॉपी कपाटात हाय."

"दिल्यावर गेली."

"न्हाई गेली साहेब. मी तुमाला आमच्या गावचा रस्ता सांगितला तर माज्याकडनं रस्ता जातोय व्हय?"

"रस्त्याची गोष्ट वेगळी."

"बरं, खरा रस्ता धरा. आमच्या गावचा रस्ता सरकारी पैशाचा. आटपाडीची एस.टी. त्यावरनं गेली तर तुमी वसुली लावता का?"

"रस्ता झिजतो, त्याला वेगळी तरतूद असते."

"मग ह्यो तर झिजत बी न्हाई!"

शेजारचा कारकून हसला. साहेब हसला नाही, पण पेन खाली ठेवला. "तुम्ही म्हणता ते मला समजतं. पण ऑडिटमध्ये मी काय लिहू? सरकारनं एका गावाला पैसे दिले आणि फायदा दहा गावांना झाला, हे लिहायला आमच्या फॉर्ममध्ये जागा नाही. जागा तोट्याची आहे. तुम्ही दिलंत तर मी अनुदान परत मागणार. संस्थेकडून, आणि सूचक म्हणून जबाबदारी तुमची धरणार."

"किती मागणार?"

"दुसरा हप्ता. पूर्ण."

तेवढे पैसे म्हणजे माझा दोन वर्षांचा पगार. तो म्हणाला, "नाना, सोडून द्या. आटपाडीनं त्यांचा बनवून घ्यावा. त्यांच्याही योजनेत पैसे आहेत."

तेव्हा माझं टाळकं सरकलं. म्हणलं, "म्हंजी त्येच सरकार त्येच पैसे त्याच कामाला दुसऱ्यांदा देनार? आन तवर त्या शेपटीच्या मानसानं डाळिंबाला कागुद पाजायचा? ह्येला तुमच्या फॉरमात जागा हाय?"

"आहे," तो म्हणाला. आणि खाली बघून म्हणाला, "ती खर्चाची जागा."

"मग न देण्याचा हुकूम लिवून द्या."

"लेखी कशाला? तोंडी सांगतोय ना."

"तोंडी तर मी बी लय सांगतो साहेब. त्येचं कोन ऐकतंय?"

त्यानं लिहून दिलं नाही. वसुलीची धमकी मात्र फाईलवर लिहिली, माझ्यासमोर. मी बाहेर आलो आणि स्टँडवर उसाचा रस प्यायलो. घरी आल्यावर बायकोला सगळं सांगितलं. ती भाकरी थापत होती, हात न थांबवता म्हणाली, "दोन वर्सांचा पगार. गेला तर गेला. तुमी गप बसून राहिलासा तर त्याचा तरास मला घरात दहा वर्सं हुईल."

आबांना मी विचारलं नाही. सुभेदारांकडं गेलो, म्हणलं नक्कल काढा. त्यांनी रात्रीच चाळीस कागद छापून, लाल शाईच्या ओळी हातानं उतरवून काढल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी सहाच्या एस.टी.नं विट्याला गेलो, विट्याहून आटपाडीची गाडी धरली. मांडीवर कागदांचा गठ्ठा, वर फ्लॉपी. कंडक्टर आला, गठ्ठ्याकडं बोट करून म्हणाला, "आजोबा, ह्ये काय लगेज हाय?"

"सरकारी मालमत्ता," मी म्हणलं. "आन मला आटपाडीचं एक फुल तिकीट द्या."